थंडीतले पाच दिवस समुद्राकाठी : बेळगावहून बाणावलीला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये

बेळगावचा माणूस गोव्याला जातो तो एक तर पहाटे निघून रात्री परत येण्यासाठी, नाही तर शनिवार-रविवारात मंगेशीपासून कळंगुटपर्यंत सगळं उरकण्यासाठी. समुद्र इतका जवळ की कधीही जाता येईल असं वाटतं, आणि त्यापायीच त्याच्याजवळ निवांत बसणं राहून जातं. आमच्या घरचे सहा जण आता दरवर्षी थंडीत पाच रात्री एकाच ठिकाणी, भाड्यानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहतात. हॉटेल नको, घरच हवं. आईला सहाला चहा लागतो, मुलांना अकराला पुन्हा भूक लागते, दुपारी कुणाला तरी आडवं व्हायचं असतं. घर असलं की यातल्या कशासाठीच कुणाला विचारावं लागत नाही. हे सगळं नीट कसं जमवायचं ते चार-पाच वर्षांत शिकलो, ते इथं क्रमानं सांगतो.

आधी किनारा ठरवा

निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्यांनी गोव्याचा हट्ट धरू नये. संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा-आंबोली करत सावंतवाडीला उतरलं की वेंगुर्ला, शिरोडा जवळ आहेत. तिथं फ्लॅटपेक्षा अंगणवाली घरं जास्त मिळतात आणि भाषाही आपलीच. हल्याळ-जोयडाकडच्यांना कारवार सोयीचं.

बेळगाव, खानापूरवाल्यांना मात्र मी दक्षिण गोवाच सुचवेन, त्यातही कोलव्यापासून केळशीपर्यंतचा पट्टा. उत्तरेकडं गाणी-बजावणी जास्त, रस्ते अरुंद आणि गाड्या फार. दक्षिणेत वेळसांवपासून मोबोरपर्यंत वीस किलोमीटरांहून जास्त सलग वाळू आहे. कोलव्याला स्वतः गर्दी असते, पण तिथून थोडं खाली बाणावलीत आलात की मोकळं वाटतं. परशुरामानं सह्याद्रीवरून सोडलेला बाण इथं पडला अशी गावाच्या नावाची कथा सांगतात. मडगाव सहा-सात किलोमीटरवर, म्हणजे औषधं, बाजार, जिल्हा रुग्णालय, रेल्वे स्टेशन सगळं हाताशी. म्हातारी माणसं बरोबर असतील तर या गोष्टीला फार किंमत आहे.

तारीख कॅलेंडरातली तिथी बघून काढा

२० डिसेंबर ते २ जानेवारी हे दिवस सोडूनच द्या. भाडं दुप्पट-तिप्पट होतं आणि घाटातून गाड्यांची रांग लागते. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली तर तेही नको. उत्तम काळ म्हणजे जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. त्यातही रविवारी दुपारी पोचायचं आणि शुक्रवारी सकाळी निघायचं. शनिवार-रविवारचे लोक परतत असतात तेव्हा तुम्ही पोचता, आणि मालकही पाच रात्री सलग म्हटल्यावर भाड्यात नमतं घेतो. या दिवसांत बेळगावात पहाटे चौदा-पंधरा अंशांपर्यंत पारा उतरतो, तर तिकडं रात्रीचं वीसच्या आसपास आणि दुपारी बत्तीस. आपण साडेसातशे मीटर उंचीवरून थेट समुद्रसपाटीला येतो, त्यामुळं पहिल्या दिवशी जरा घाम येतो, मग अंग सैल पडतं.

आता तिथीचं. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी साधारण सव्वाअकराला पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी, संध्याकाळी पाच-सव्वापाचला पूर्ण ओहोटी. अष्टमीला उलट : सहाला भरती, बाराला ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असं मोजायचं. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण मुक्काम ठरवायला पुरतो.

याचा उपयोग काय, तर जानेवारीत सूर्य सव्वासहा-साडेसहाला बुडतो. शुद्ध त्रयोदशी ते वद्य द्वितीया या दिवसांत मावळतीच्या आगेमागे ओहोटी असते. पाणी आत गेलेलं, मागं घट्ट ओली वाळू, गुडघे दुखणाऱ्या माणसालाही त्यावर सहज चालता येतं. आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य एकीकडं बुडतो तोवर मागं माडांवर चंद्र आलेला असतो. अष्टमीच्या सुमारास गेलात तर संध्याकाळी भरतीनं वाळूचा अरुंद, भुसभुशीत पट्टाच उरतो आणि आई दहा पावलांत दमते. आम्ही दोन्ही बघितलंय. आता शाळेच्या तारखांच्या आधी पौर्णिमा बघतो.

फ्लॅट निवडताना

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. पहिल्या वर्षी आम्ही घाईत फसलो. जाहिरातीत लिहिलं होतं, समुद्र दोन मिनिटांवर. पोचल्यावर कळलं, दोन मिनिटं गाडीनं. चालत जायचं तर मोठा रस्ता ओलांडून शेतातल्या पायवाटेनं वीस मिनिटं, आणि अंधार पडला की तिथं दिवा नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आईचे गुडघे असे की दिवसातून एकदाच खाली उतरणं जमायचं. पाच दिवसांतले तीन दिवस तिनं समुद्र बघितलाच नाही, गॅलरीत बसून आमची वाट बघत राहिली. त्याचं वाईट मला अजून वाटतं, म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहितोय.

अंतर मिनिटांत विचारू नका, मीटरमध्ये विचारा, आणि नकाशावर इमारतीपासून वाळूपर्यंतची चालायची वाट स्वतः काढून बघा. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांच्या आत नवं बांधकाम सहसा करता येत नाही. त्यामुळं नव्या इमारतीतला फ्लॅट ‘अगदी लाटांवर’ आहे असं कुणी म्हणालं तर चार प्रश्न जास्त विचारावेत. खऱ्या अर्थानं चांगला फ्लॅट म्हणजे चारशे ते सातशे मीटरांवरचा, मधे मोठा रस्ता नसलेला, वाटेवर दिवे असलेला. समुद्र दिसला नाही तरी चालतं. रात्री गाज ऐकू येते, तेवढं पुरे.

फोटोंवर विसंबू नका. मालकाला किंवा केअरटेकरला व्हिडिओ कॉल करायला सांगा, आणि कॉलवर तो दाखवेल ते नको, तुम्ही म्हणाल ते दाखवायला लावा : गेटपासून दारापर्यंतची वाट, लिफ्ट चालू करून, बाथरूमची फरशी ओली असताना कशी आहे, नळ सोडल्यावर पाण्याचा जोर, गॅस पेटवून, फ्रिज उघडून, गॅलरीतून समोर काय आहे. समोर भातशेत असेल तर दृश्य सुंदर, पण संध्याकाळी डास येणार. खिडक्यांना जाळी आहे का विचारा. शेजारी बांधकाम चालू आहे का, हेही विचाराच. सकाळी आठपासून फरशी कापायचं यंत्र सुरू झालं की विश्रांती संपली.

तळमजला किंवा पहिला मजला घ्या. पोहण्याचा तलाव असेल तर तो चालू आहे का आणि पाहुण्यांना किती वाजेपर्यंत मुभा आहे. वीज गेली तर जनरेटर कुठल्या कुठल्या पॉइंटला येतो. सिलिंडर संपला तर कुणी आणायचा. वीजबिल भाड्यात की एसीचं वेगळं. शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि निघायच्या सकाळी वाद होतो.

कागदपत्रांचं एक महत्त्वाचं. गोव्यात पर्यटकांना घर भाड्यानं देणाऱ्याला १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडं नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागा. जो सहज देतो त्याच्याशी पुढं बोला, जो विषय बदलतो त्याला सोडा. फ्लॅट नसताना फोटो टाकून आगाऊ रक्कम लाटणारेही आहेत, म्हणून ओळख नसेल तर सगळे पैसे आधी पाठवू नका. बुकिंगच्या अ‍ॅपवरून भरा, किंवा थोडी रक्कम आधी आणि उरलेली किल्ली हातात आल्यावर. डिपॉझिट किती, परत कधी मिळणार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. बोलण्यातलं नंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही. ओळखपत्र सगळ्यांचं मागतात ते रास्त आहे, पण आधारची मास्क केलेली प्रत द्या, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

घरून काय न्यायचं

गोव्याच्या बाजारात दिसणारी बरीचशी भाजी बेळगावातूनच जाते. तेव्हा गवार, वांगी, मिरच्या, कोथिंबीर, टोमॅटो इथूनच घेऊन निघा. तीच भाजी, ताजी आणि स्वस्त. मटार आणि गाजरं तर या दिवसांत इथं भरपूर. धुऊन न घेता, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली की पाच दिवस टिकतात.

भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात कप बारा असतात आणि धड सुरी एकही नसते. म्हणून आमची एक पिशवी ठरलेली आहे : धारेची सुरी, नारळाची खवणी, भाकरीचा लोखंडी तवा, पाच लिटरचा कुकर, चहाची गाळणी, काडेपेटी, दोन फडकी, भांडी घासायचा चोथा, कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे. कोरड्यात तांदूळ, थोडं जोंधळ्याचं पीठ, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, चहा-साखर, दोन दिवसांचं दूध. तिखट घरचंच न्या, तिकडच्या माशालाही ते छान लागतं. कुंद्याचे, म्हणजे आपल्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचे, दोन डबे जास्तीचे घ्या. एक केअरटेकरला आणि एक शेजारच्यांना द्यायला. पहिल्याच दिवशी दिलेल्या कुंद्यानं पुढचे पाच दिवस पाणी, किल्ली, गॅस यांतलं काही अडत नाही, हा माझा पक्का अनुभव.

कपडे थोडेच. एकेक स्वेटर घाटासाठी, बाकी सुती. आईसाठी प्लास्टिकची हलकी घडीची खुर्ची गाडीत टाकतो. वाळूत बसून उठणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही, आणि उठता येणार नाही या भीतीनं ती बसतच नाहीत.

रस्ता

जांबोटी-कणकुंबी-चोर्ला घाट-केरी-साखळी, तिथून उसगाव, फोंडा, बोरीचा पूल, मडगाव, बाणावली. साधारण सव्वाशे ते दीडशे किलोमीटर, थांबत गेलात तर साडेचार तास धरा. दुसरा रस्ता खानापूर-रामनगर-अनमोड-मोले असा. पावसाळ्यानंतर दोन्हींपैकी कुठल्या ना कुठल्या घाटात दुरुस्ती चालू असू शकते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. रेल्वेनंही जाता येतं : लोंढा, कॅसल रॉक, दूधसागर, कुळे करत थेट मडगाव. कॅसल रॉकच्या खाली ३७ फुटांना एक फूट असा उतार आहे, गाडी सावकाश उतरते आणि मुलं खिडकी सोडत नाहीत. मात्र मग स्वयंपाकाचं सामान कमी करावं लागतं.

घरून सकाळी आठला निघा. अंधारात घाट नको, गवे रस्त्यावर येतात. कणकुंबीला पाच मिनिटं थांबा, मलप्रभा इथंच उगम पावते. पुढं केरीपर्यंत फोनची रेंज मधे मधे जाते, तेव्हा मालकाला फोन करायचा तो कणकुंबीच्या आधी. देवदर्शन करायचं असेल, आणि आपल्यातल्या अनेकांची कुलदैवतं तिकडं आहेतच, तर ते जाताना फोंड्यात उरकून घ्या. कवळ्याची शांतादुर्गा, मंगेशी दोन्ही वाटेच्या आसपास आहेत. मुक्कामातला एक दिवस त्यासाठी मोडू नका. पेट्रोलची टाकी गोव्यात भरा, स्वस्त पडतं.

तिथले दिवस

पोचल्याबरोबर सामान लावायच्या आधी सगळ्या खोल्यांचा, भिंतींवरच्या डागांचा, फुटलेल्या कपांचा व्हिडिओ काढा आणि मालकाला पाठवा. डिपॉझिट परत मिळवण्याचा याहून सोपा उपाय नाही. मग गीझर, गॅस, फ्लश तपासा. काही बिघडलं असेल तर त्याच तासात सांगा. वीस लिटरचा पिण्याच्या पाण्याचा जार मागवा. एवढं झालं की चहा ठेवा आणि समुद्रावर जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमाराला खालून भोंपू ऐकू येईल. तो पोदेर, पाववाला. सायकलच्या मागं मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. प्लास्टिक बाजूला केलं की गरम वाफेबरोबर भाजलेल्या कोंड्याचा वास येतो. पोई मागा. ती आतून पोकळ, वरून कोंडा लागलेली, हातात धरली की थोडी चिकट-खरखरीत लागते. आमच्या घरी ती शेंगदाण्याची चटणी आणि घरच्या लोण्याबरोबर खातात. आई तर म्हणते, ही भाकरीचीच बहीण. पहिल्या दिवशी उशीर झाला तर पोदेर निघून जातो, म्हणून केअरटेकरकडून त्याची वेळ आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

सातला किनाऱ्यावर जा. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. होडीतून अर्धवर्तुळात सोडलेलं लांबलचक जाळं, दोन्ही टोकांना माणसं, पाय वाळूत रोवून सगळे एका तालात मागं सरतात. अर्धा-पाऊण तास चालतं. जाळ्याचा पोटाचा भाग वाळूवर आला की बांगडे, तारले चमकत उड्या मारतात आणि वर घारी फिरायला लागतात. मुलांना दोरी धरू देतात, पण आधी विचारा. लोक तिथं पोटासाठी काम करत असतात, त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका. मासे तिथंच वाट्यानं मिळतात.

बाजारातून मासा घेताना डोळा बघा : उभारलेला आणि स्वच्छ हवा. कल्ला लालभडक, बोटानं दाबल्यावर खड्डा राहू नये. ‘कितलें?’ एवढं कोंकणी आलं तरी पुरतं, पुढचं मराठीत चालतं. ताजा बांगडा, मुड्डोशी, सुंगटं म्हणजे कोळंबी, इसवण म्हणजे आपली सुरमई. कापून, धुऊन द्यायला सांगा. भाड्याच्या घराच्या सिंकमध्ये खवले अडकले की दुपार जाते. स्वयंपाक एकाच वेळचा ठेवा. सकाळी भात, कालवण, सोलकढी. रात्री पोई, ऑम्लेट, उरलेलं. पाचातली एक रात्र बाहेर जेवा, रांधणाऱ्यांनाही सुट्टी हवी. आमच्याकडं भांडी पुरुषांनी घासायची हे आधीच ठरलेलं असतं. ते ठरलं नाही तर घरातल्या बायकांची विश्रांती होत नाही, फक्त स्वयंपाकघर बदलतं.

दुपारी अकरा ते चार बाहेर पडू नका. पंखा, चटई, पत्ते, झोप. ‘एवढं आलोय तर पणजी करून येऊ’ असं कुणी तरी तिसऱ्या दिवशी म्हणणारच. जायचं असेल त्यानं एकट्यानं जावं, सगळं घर गाडीत भरू नये. दोन दिवस अंगातली घाई उतरण्यात जातात. खरा निवांतपणा तिसऱ्या दिवशी सुरू होतो, आणि तेव्हाच आपण तो मोडून बसतो.

पाण्यात उतरताना

थंडीत समुद्र शांत दिसतो, तरी नियम तेच. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. नुसता लाल झेंडा असेल तिथं नाही. जीवरक्षक टॉवरवर असतील तेवढ्याच वेळात, अंधार पडल्यावर अजिबात नाही. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा गुळगुळीत आणि गढूळ दिसला तर तो सुरक्षित समजू नका, तिथून पाणी आत ओढत असतं. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडं झगडू नका, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला या, मग बाहेर. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. पौर्णिमेच्या दिवसांत ओहोटीची ओढ जास्त असते, त्यामुळं संध्याकाळची वेळ चालण्याची, डुंबायचं ते सकाळी आणि गुडघाभर पाण्यात. मुलं हाताच्या अंतरावर. आपल्याकडं विहिरीत पोहायला शिकलेले खूप आहेत, पण लाटेत ते शिक्षण पुरत नाही.

निळसर फुग्यासारखं काही वाळूवर पडलेलं दिसलं तर हात लावू नका, मेलेलं असलं तरी डसतं. डसलंच तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चोळू नका, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात ते अंग बुडवून ठेवा आणि जीवरक्षकाला दाखवा. श्वासाला त्रास होतोय वाटलं तर थेट १०८.

किनाऱ्यावर दारू पिणं, गाडी वाळूत घालणं दोन्हीला दंड आहे. येताना बाटल्याही आणू नका, सीमेवरच्या नाक्यांवर गाड्या तपासतात.

निघताना

आदल्या रात्री फ्रिज रिकामा करा. उरलेला तांदूळ, तेल केअरटेकरला विचारून द्या. सकाळी कचरा ओला-सुका वेगळा करून सोसायटीच्या जागेत ठेवा, पुन्हा एक व्हिडिओ काढा, केअरटेकर समोर असताना खोल्या दाखवा आणि डिपॉझिट तिथंच मागा. चटया, चपला, खुर्ची खालच्या नळावर धुऊन मगच गाडीत, नाही तर वाळू होळीपर्यंत निघत राहते. पोदेरकडून दोन डझन पाव-पोई जास्त घ्या, घरी त्यांची वाट बघणारे असतात.

साडेदहापर्यंत बाहेर पडलात की फोंड्यात जेवून तीनच्या आत घाट चढता येतो. कणकुंबीला काच खाली केली की हवा बदललेली कळते. मुलांचे स्वेटर डिकीत ठेवू नका, हाताशी ठेवा.